ऊर्जेची साडेतीन पीठे

महाराष्ट्रात देवीची साडेतीन पीठे: कोल्हापूर, तुळजापूर आणि आमचे माहूर ही पूर्ण, वणीची सप्तशृंगी अर्धी. विजेची पीठेही साडेतीनच आहेत, याकडे मात्र भाविकांचे लक्ष नसते. ६ जून २००५ रोजी वीज मंडळाचे विसर्जन झाले आणि महानिर्मिती, महापारेषण, महावितरण ही तीन पूर्ण पीठे स्थापन झाली. चौथी सूत्रधारी कंपनी वीज बनवत नाही, वाहून नेत नाही, विकतही नाही. नुसते तिघींचे शेअर सांभाळते. ती अर्धी. चारही कंपन्या सोळा आणे सरकारच्या.

मंडळ फोडण्यामागचा हेतू शुद्ध होता. गळती नेमकी कुठे आहे ते कळावे, ज्याचा तोटा त्याच्या पदरात पडावा. पण तिन्ही जावांनी चुली वेगळ्या मांडल्या, आणि किराण्याची वही सासऱ्याच्याच नावावर राहिली. महानिर्मिती म्हणते, महावितरणने आमचे पैसे थकवले. महावितरण म्हणते, शेतीपंपांकडे आमचे हजारो कोटी अडकले. पंपाला कोणी विचारत नाही, कारण पंपामागे मत असते.

या सगळ्यांवर लक्ष ठेवायला १९९९पासून मुंबईत कफ परेडला वीज नियामक आयोग बसतो. दरवाढ मागणारी कंपनी सरकारची. दर ठरवणाऱ्या आयोगाच्या नेमणुका निवड समितीच्या शिफारशीवरून करते सरकार. दर वाढले की कळवळून सवलत जाहीर करते तेही सरकार, आणि घरगुती बिलावर १६ टक्के वीज शुल्क घेणारेही सरकारच. एकाच नटाने इतक्या भूमिका वठवायच्या म्हणजे कपडे बदलायलाच वेळ पुरत नाही.

कधी कधी संवादांची अदलाबदल होते. २८ मार्च २०२५ रोजी आयोगाने चक्क दर उतरवले. ग्राहकाने अजून पेढे आणले नव्हते तोच महावितरण आयोगाच्या दारात उभी: आदेशाला स्थगिती द्या. स्थगिती मिळाली. जूनअखेर फेरविचार होऊन नवा आदेश निघाला. या आनंदाची मुदत किती होती, तर एप्रिलचे बिल छापेपर्यंतही नाही.

मोफत विजेचेही तसेच. एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंत साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना बिल नाही. लाभार्थी चव्वेचाळीस लाखांवर. वीज कायदा २००३, कलम ६५ सांगते की सरकारला कोणाला सवलत द्यायची असेल तर त्याचे पैसे कंपनीला आगाऊ मोजावेत. म्हणजे सासऱ्याने सुनेला आगाऊ द्यायचे. घरातल्या घरात आगाऊ म्हणजे किती आगाऊ, हा कौटुंबिक प्रश्न आहे. आपण त्यात पडू नये.

बिल शून्य झाले, घड्याळ मात्र जुनेच चालू आहे. शेतीला थ्री फेज दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास, पाळीपाळीने. माहूर-किनवटच्या पट्ट्यात रान जंगलाला लागून. रात्रीची पाळी आली की एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी, आणि हरभऱ्याला ओलीत. रानडुक्कर, अस्वल, बिबट्या यांना मोफत वीज योजनेचा फ्लेक्स वाचता येत नाही. त्यात मोटर सुरू करावी अन् डीपी जळावी, मग वर्गणी गोळा करायला दिवसाचा वेळ असतोच.

आता पर्यावरण. औष्णिक केंद्र सरकारचे, आणि त्याच्या धुरावर नजर ठेवणारे प्रदूषण नियंत्रण मंडळही सरकारचेच. डिसेंबर २०१५मध्ये केंद्राने देशभरातल्या कोळशाच्या वीजकेंद्रांसाठी गंधकाच्या धुराची मर्यादा ठरवली आणि दोन वर्षांची मुदत दिली. मग मुदतवाढ, मग मुदतवाढीला मुदतवाढ. आणि जुलै २०२५मध्ये बहुतेक संचांना धुराड्यावरचे शुद्धीकरण यंत्र बसवण्यातूनच सूट. तरीही मराठवाड्याने याबाबतीत देशाला वाट दाखवली होती, हे नोंदवले पाहिजे. त्याच २०१५च्या जुलैत परळीचे केंद्र बंद पडले आणि तिथला धूर थांबला. कारण एवढेच की धरणात पाणी नव्हते. जे नियमाला दहा वर्षांत जमले नाही ते दुष्काळाने एका मोसमात करून दाखवले, तेही सुनावणी न घेता.

पुढचे दिवस सौरऊर्जेचे आहेत. सौर कृषी वाहिनी योजनेत पॅनेलसाठी खाजगी जमीन दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडे. पिकाने इतके कधी दिले नाही, त्यामुळे यापुढे कापसाऐवजी काच पेरावी असे अनेकांना वाटू लागले आहे. सूर्याची मात्र अजून कंपनी झालेली नाही. 'महासूर्य' झाली की तोही रात्रीची पाळी करू लागेल.

रेणुकामातेच्या पायऱ्यांवर खलबत्त्यात तांबूल कुटणाऱ्या एका मावशींनी परवा बिल पुढे केले. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क: मी वाचत गेलो, त्या कुटत गेल्या. शेवटी बत्ता थांबवून म्हणाल्या, "कारखाना बी सरकारचा, तारा बी सरकारच्या, मीटर बी सरकारचं. मग तोटा माह्या बिलात कसा आला, भाऊ?"

प्रश्न बिनतोड आहे, आणि उत्तर धोरणातच आहे. या व्यवहारात सरकारी कंपनी नसलेला एकच जण उरतो, तो म्हणजे बिल भरणारा. त्याचीही कंपनी करावी: 'महाग्राहक'. मग बिल थकले तरी वायरमन पक्कड घेऊन दारात येणार नाही. थकबाकी ताळेबंदात जाईल आणि तिच्यावरचे व्याज पुढच्या याचिकेत. तारीख चुकली तर मुदतवाढ, पुन्हा चुकली तर आणखी मुदतवाढ, दहा वर्षे चुकत राहिली तर सूट. आदेश पसंत पडला नाही तर स्थगिती.

एकच तांत्रिक अडचण आहे. महाग्राहकाला होणारा तोटा ज्याच्या बिलात घालायचा, असा माणूस मग महाराष्ट्रात शिल्लक राहणार नाही. तो आदिलाबादेहून आणावा लागेल. १९५६ पर्यंत आम्ही त्याच जिल्ह्यात होतो. ओळखीपाळखीतून एखादा मिळून जाईल.