सही जुळत नाही

एकतीस वर्षं मी बँकेत बसून लोकांच्या सह्या ताडून पाहिल्या. डाव्या हाताला चेक, उजव्या हाताला नमुना सहीचं कार्ड. एखाद्या कुलकर्ण्यांच्या 'र्णी'वरचा रफार खातं उघडताना घारीसारखा झेपावलेला असायचा आणि पेन्शन सुरू झाल्यावर चिमणीसारखा अंग चोरून बसायचा. मग मी चेकला मेमो जोडायचो : 'ड्रॉअर्स सिग्नेचर डिफर्स'. कुलकर्णी काउंटरवर येऊन भांडायचे, "अहो, मी स्वतः उभा आहे ना समोर!" माझं उत्तर ठरलेलं असे : "तुम्ही जुळताय हो, सही जुळत नाही." हे वाक्य शाखेत इतकं गाजलेलं होतं की माझ्या निरोपसमारंभात आमच्या शिपायाने ते भाषणात घेतलं, आणि सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच पडल्या.

निवृत्तीनंतर घरात बसून आम्हा नवरा-बायकोचं पटेना, म्हणून मी एका छोट्या फर्ममध्ये जाऊ लागलो. भोसरीतल्या लहान कारखानदारांचे कर्जाचे प्रस्ताव आम्ही तयार करून देतो. फर्मची मालकीण बत्तीस वर्षांची. ती मला सर म्हणते, मी तिला मॅडम म्हणतो. दोघांनाही ते अवघड वाटतं, पण दुसरं काही सुचत नाही. दुसऱ्याच आठवड्यात ती म्हणाली, "सर, तुमच्या मेलला सिग्नेचर नाहीये. जरा प्रोफेशनल वाटेल अशी लावून घ्या ना."

सही हा माझा प्रांत. मी कोरा कागद घेतला, शाईचं पेन काढलं, एकाखाली एक पाच सह्या केल्या, त्यातली झोकदार निवडून तिचा फोटो काढला आणि मॅडमना पाठवला. दोन मिनिटांत त्या माझ्या टेबलापाशी आल्या. "सर, ही सही नाही, ती सही." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि सर, आपल्या सहीचा फोटो असा कुणालाही पाठवायचा नसतो ना?"

हे वाक्य मी बँकेत हजार वेळा ग्राहकांना ऐकवलं होतं. फरक इतकाच, की तेव्हा मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला होतो.

'ती' सही म्हणजे मेलच्या तळाशी आपोआप उमटणारं नाव, हुद्दा, फर्म आणि फोन नंबर, असं कळलं. म्हणजे पेन लागत नाही, हात लागत नाही, रफार झेपावत नाही. तरी तिला सहीच म्हणायचं. ठीक आहे. मी संध्याकाळी घरी मजकूर तयार करायला बसलो. सुरुवातीला 'स्नेहांकित', मग नाव, नावापुढे बी. कॉम. आणि सीएआयआयबी. ही परीक्षा पास झाल्यावर मला इन्क्रिमेंट मिळालं होतं आणि सासऱ्यांनी पेढे वाटले होते. ती अक्षरं गाळायला मन होईना. त्याखाली 'माजी मुख्य व्यवस्थापक', त्याखाली आताचा हुद्दा, मग घरचा पत्ता 'मारुतीच्या देवळामागे' या खुणेसकट, घरचा फोन, मोबाइल, आणि शेवटी एक सुविचार. अकरा ओळी झाल्या. हिने चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाली, "रक्तगटही घाला. रस्त्यात कुठे पडलात तर उपयोग होईल."

मजकूर तयार होता, तो लावायचा कुठे हा प्रश्न होता. जीमेल उघडल्यावर उजव्या कोपऱ्यात एक दातेरी चक्र असतं. ते दाबलं की 'सगळ्या सेटिंग्ज पाहा', त्यात 'जनरल', आणि मग खाली, खाली, आणखी खाली उतरत गेलं की 'सिग्नेचर' सापडतं. तिथे दहा हजार अक्षरांपर्यंत लिहायची मुभा आहे. एवढ्यात माझं मृत्युपत्र आणि त्यावरची मुलांची हरकत, दोन्ही मावेल. मी अकरा ओळी घातल्या, समाधानाने पान बंद केलं आणि चहाला उठलो. परत येऊन पाहतो तर सही गायब. पुन्हा घातली. पुन्हा गायब. तिसऱ्यांदा माझ्यातला जुना ऑडिटर जागा झाला आणि मी पान तळापर्यंत तपासलं. तिथे, सगळ्या भानगडींच्या खाली, 'सेव्ह चेंजेस' नावाचं बटण निमूटपणे उभं होतं. ते दाबल्याशिवाय वरचं काहीच मंजूर होत नाही. आमच्या बँकेतही हेच होतं. प्रस्ताव कितीही उत्तम असो, तळमजल्यावरच्या जावक कारकुनाने शिक्का मारल्याशिवाय तो इमारतीबाहेर पडत नसे.

बटण दाबलं. सही टिकली. नवी मेल उघडली, तर त्यात सही नाही! आता मात्र माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी मॅडमनी दाखवलं, सहीच्या चौकटीखाली आणखी दोन खाने असतात. नव्या मेलला कोणती सही लावायची आणि उत्तराला कोणती, हे तिथे वेगवेगळं सांगावं लागतं. दोन्ही ठिकाणी 'नो सिग्नेचर' असं बसलेलं होतं. थोडक्यात, माझ्या सहीची नेमणूक झाली होती, पोस्टिंग झालं नव्हतं. हे मला कुणी आधी या भाषेत सांगितलं असतं, तर एक संध्याकाळ वाचली असती.

मॅडमनी अकरा ओळी पाहिल्या आणि काही बोलल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "सर, आपला लोगोही टाकू या." लोगो टाकला. माझ्या पडद्यावर तो सुपारीएवढा दिसत होता. भोसरीच्या एका कारखानदारांच्या पडद्यावर तो परातीएवढा गेला. दुसऱ्यांकडे त्याच्या जागी एक रिकामा चौकोन आणि फुटलेल्या चित्राची खूण पोचली, कारण त्यांचा कॉम्प्युटर अनोळखी चित्रं दाखवतच नाही. तिसऱ्यांच्या फोनवर रात्रीचा काळा पडदा होता आणि आमचा लोगो काळ्याच अक्षरांतला. तिथे फर्म अंधारात विरघळली. चौथ्यांनी फोन केला : "साहेब, मेलला फाइल जोडलेली दिसते म्हणून मोठ्या आशेने उघडली. वाटलं, मंजुरीचं पत्र आलं. आत नुसता तुमचा लोगो निघाला." मला त्यांची माफी मागावी लागली. कर्ज नाकारतानाही मी इतका ओशाळलो नव्हतो.

कॉम्प्युटरचं असं मार्गी लागतंय तोवर फोनचं प्रकरण उभं राहिलं. माझा फोन म्हणजे चिरंजीवांनी नवा घेतल्यावर आमच्याकडे उतरलेला आयफोन. त्याच्या मेलमधून एका गिऱ्हाइकाला दोन ओळींचं उत्तर पाठवलं, तर त्यांचा उलट निरोप : "साहेब, तुम्ही आयफोन वापरता. आमची फी थोडी कमी करा." मी चक्रावलो. यांना कसं कळलं? तर माझ्या प्रत्येक मेलखाली, मला न विचारता, 'सेंट फ्रॉम माय आयफोन' असं छापलं जात होतं. २००७ साली हा फोन आला तेव्हापासूनची ही प्रथा आहे, आणि त्याआधी ब्लॅकबेरीवाले हेच करत. या वाक्याचे दोन अर्थ होतात. एक, 'छोट्या बटणांवर टाइप केलंय, चुका पोटात घाला.' दुसरा, 'बघा, माझ्याकडे कोणता फोन आहे.' माझ्याकडे पहिला अर्थ खरा होता. गिऱ्हाइकाने दुसरा लावला.

दुसऱ्याच्या पत्राखाली आपली पाटी लावायची ही युक्ती तशी जुनी. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी १९९६ मध्ये हॉटमेल सुरू केलं, तेव्हा तिथून जाणाऱ्या प्रत्येक मेलच्या तळाशी 'तुम्हीही फुकट मेल मिळवा' अशा अर्थाची एक ओळ जाई. लोक एकमेकांना ख्यालीखुशाली कळवत होते आणि नकळत कंपनीची जाहिरात वाटत होते. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी विकत घेतली. त्यांच्या एका ओळीला एवढी किंमत आली, आणि माझ्या मेलखालच्या एका ओळीमुळे फी कमी करायची वेळ आली.

कॉम्प्युटरवर लावलेली सही फोनवर आपोआप येत नाही, हेही तेव्हा कळलं. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये 'मेल' शोधायचं (नव्या फोनमध्ये ते 'ॲप्स'च्या पोटात गेलंय), त्याच्या तळाशी 'सिग्नेचर'. जीमेलचं ॲप घेतलं तरी तिथली मोबाइल सही वेगळी, तीही साध्या अक्षरांत, लोगोबिगो नाही. मी 'उद्या बघू' म्हणून सोडून दिलं.

तो उद्या यायच्या आतच एका बँकेच्या शाखेतून फोन आला. आवाज कोवळा, नोकरीला लागून फार तर दोन वर्षं झाली असतील. "सर, एकाच प्रस्तावाबद्दल तुमच्या नावाने दोन मेल आल्यात. एकीखाली अकरा ओळी आणि लोगो आहे, दुसरीखाली नुसतं 'सेंट फ्रॉम माय आयफोन'. हल्ली फसवणुकीच्या मेल फार येतात, म्हणून विचारतो." मग जरा चाचरत तो म्हणाला, "सॉरी सर, पण सही जुळत नाहीये."

मी म्हणालो, "अहो, मी स्वतः बोलतोय ना!"

म्हणालो आणि जीभ चावली. सगळे कुलकर्णी डोळ्यांपुढे रांगेने उभे राहिले.

घरी येऊन हिला सांगितलं. ही हल्ली मोडी शिकायला जाते, त्यामुळे कोणत्याही विषयावर तिचं मत तीनशे वर्षांपूर्वीपासून सुरू होतं. ती म्हणाली, "अहो, जुन्या पत्रांत वर मोठी मुद्रा असायची आणि मजकूर संपला की खाली लहानशी मोर्तब. शिवाजी महाराजांच्या मोर्तबेवर 'मर्यादेयं विराजते' एवढंच. पेशव्यांच्या वेळी 'लेखनसीमा'. पत्र इथे संपलं, याखाली कुणी काही घुसडू नये, म्हणून. दोन शब्दांत भागायचं. तुमच्या पत्राखाली तर पत्राहून मोठं गाव वसलंय."

मला एकदम त्या दोन रेघा आठवल्या. जीमेल माझ्या सहीच्या वर दोन आडव्या रेघा काढत असे. मी समजत होतो, कुणाच्या तरी हातून चुकून राहिल्यात. त्या काढून टाकायचीही सेटिंग्जमध्ये सोय आहे आणि मी ती खूण करायच्या बेतात होतो. त्या रात्री वाचत बसलो. दोन रेघा आणि एक मोकळी जागा ही इंटरनेटवरची फार जुनी खूण निघाली : मजकूर इथे संपला, खाली फक्त सही. जुने मेलचे प्रोग्राम ही खूण ओळखून उत्तर देताना खालचा भाग गाळत. २००४ च्या एका नियमपत्रात ती नोंदलेलीही आहे. आणि १९९५ च्या शिष्टाचाराच्या नियमपत्रात स्पष्ट म्हटलंय की सही चार ओळींहून मोठी नसावी, कारण वाचणारा मिनिटामिनिटाचे पैसे भरत असेल. म्हणजे ही लेखनसीमाच होती. मी ती पुसायला निघालो होतो.

दुसऱ्या दिवशी कात्री घेतली. सुविचार गेला, मारुतीचं देऊळ गेलं, 'माजी' गेलं. फोनवर जमत नाही म्हणून लोगो दोन्हीकडून गेला. सीएआयआयबी काढताना हात थबकला, पण सासरे आता नाहीत, आणि पेढ्यांची चव हिलाही आठवत नाही. उरल्या चार ओळी. त्या फोनवर अक्षर अन् अक्षर ताडून टाइप केल्या. वर दोन रेघा काढल्या, तर फोनने हुशारी करून त्या जोडल्या आणि एक लांब रेघ केली. कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ती 'स्मार्ट' विरामचिन्हं बंद केली, तेव्हा कुठे दोन रेघा दोन राहिल्या. मॅडमनी पाहिलं आणि म्हणाल्या, "सही!" हे नाम होतं की शाबासकी, मी विचारलं नाही.

मग त्या कोवळ्या अधिकाऱ्याला एक मेल कॉम्प्युटरवरून पाठवली, एक फोनवरून. संध्याकाळी उत्तर आलं. एकच शब्द : 'जुळली.'

मला गहिवरून आलं. नोकरीत असतो तर त्या पोराच्या गोपनीय अहवालात मी चांगला शेरा लिहिला असता. मग जरा खाली सरकलो. त्या एका शब्दाखाली त्याच्या बँकेची सूचना होती : ही मेल फक्त ज्याच्यासाठी आहे त्यानेच वाचावी, चुकून आली असल्यास पुसून टाकावी, यातल्या मजकुराला बँक जबाबदार नाही, छापण्यापूर्वी झाडांचा विचार करावा. मी ओळी मोजल्या.

सतरा.