पद्मिनीच्या पोटाखाली

आमची प्रीमियर पद्मिनी 1983 ची, कुर्ल्याच्या कारखान्यातली. 2023 मध्ये मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाल्या, तेव्हापासून रत्नागिरीतही लोकांना तिचा पुळका आला आहे. तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढतात. खाली वाकून मात्र कुणी बघत नाही. मीही कधी वाकलो नव्हतो. गेल्या मे महिन्यात पायाखालची चटई झटकायला उचलली, तर पत्र्याच्या भोकातून अंगणातलं गवत दिसलं.

"काका, हिला चासी वेगळी नाही. पत्रा गेला की गाडी गेली," मिस्त्री म्हणाला.

"मग मार की कोटिंग!"

"गंजावर मारलं तर तो आत बसून आरामात खाईल."

खाऱ्या हवेत चाळीस पावसाळे काढलेला गंज तो, लगेच उठतोय कुठला! चार दिवस नुसता तारेचा ब्रश चालला. मग पत्र्याचे तुकडे वेल्डिंग झाले, उरल्यासुरल्या गंजावर अॅसिडचं औषध लागलं, तांबडं होतं ते काळं पडलं. सायलेन्सर, ब्रेकचे ड्रम, मधला फिरता शाफ्ट असं सगळं जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलं. सायलेन्सरवर कोटिंग उडालं तर गाडी पुढे आठवडाभर जळक्या वासाने फिरते म्हणे. उताणा पडून मी गिअरबॉक्सखाली एक वधू-वर जाहिरात निम्मी वाचली. मुलगा गोरा होता, पुढचं चिकटपट्टीखाली गेलं.

अखेर कॉम्प्रेसर फुरफुरला. रबर मिसळलेल्या डांबराचे दोन हात बसले आणि पद्मिनीचं पोट फणसाच्या सालीसारखं खरखरीत, काळंभोर झालं. दाराखालची पाणी निथळायची भोकं बुजू नयेत म्हणून मिस्त्री सायकलचा स्पोक घेऊन एकेक टोचत बसला, कान टोचणाऱ्या सोनाराच्या चेहऱ्याने.

चुलीवर चढवण्याआधी आई पातेल्याच्या बुडाला राखेचा लेप द्यायची, ते आठवलं. तिचा लेप घासताना निघून जावा म्हणून असायचा. आमचा निघू नये म्हणून एवढा खर्च.

तो आकडा ऐकून शेजारचे अण्णा बघायला आले. गाडीभोवती दोनदा फिरले.

"कुठे केलंय?"

"खाली."

अण्णांचे गुडघे वाकत नाहीत. त्यांनी नातवाला टॉर्च देऊन आत पाठवलं. बराच वेळ नुसते त्याचे पाय बाहेर दिसत होते.

"आजोबा, काळं आहे."

"बरं," अण्णा म्हणाले आणि चहाला थांबले.