पुण्याचा मळ, कोल्हापूरचं पाणी

कोल्हापुरात दर शनिवारी पहाटे पुण्याचा मळ येतो. कावळा नाक्यावर एकापाठोपाठ एक ट्रॅव्हल्स थांबतात, डिकी उघडते आणि क्लीनर सिमेंटची पोती उतरवावीत तशा बॅगा खाली आदळतो. मागोमाग बॅगेचा धनी उतरतो. वय सव्वीस-सत्तावीस, कानात इअरबड, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अजून तसंच. आठवडाभर राहून गेलेलं आयुष्य दोन दिवसांत उरकायला साहेब आलेत. बॅगेत काय आहे हे रिक्षावाला विचारत नाही. त्याला वास येतो.

आयुष्य उरकण्याबद्दल माझी तक्रार नाही. केस कापायचे असतात, बुलेटचं ऑइल बदलायचं असतं, दाढेतलं सिमेंट निघालेलं असतं, आत्याचे सासरे गेले त्याला तीन महिने झाले तरी भेटायला जाणं राहिलेलं असतं. बँकेत केवायसीही करायचं असतं. पण नेमका दुसरा नाहीतर चौथा शनिवार निघतो आणि शटरसमोर उभं राहून चिरंजीव चकित होतात. 2015 च्या सप्टेंबरपासून या दोन शनिवारी बँका बंद असतात, हे आमच्या गल्लीतल्या शेंगदाणेवाल्याला पाठ आहे. चिरंजीव पुण्यात बँकांचंच सॉफ्टवेअर लिहितात. संध्याकाळी रंकाळ्यावर मित्र भेटतात, एकमेकांचे हप्ते विचारतात आणि 'भावा, निवांत भेटू एकदा' म्हणून उठतात. असो.

माझा मुद्दा बॅगेचा आहे.

घरात शिरल्या शिरल्या आई म्हणते, "आलास व्हय? ठेव तिथं मोरीत." हे पोराला म्हटलं की बॅगेला, हे त्या घरात आजवर कुणाला कळलेलं नाही. चेन उघडली की आधी निघतो गुरुवारपासून ओला गुंडाळलेला टॉवेल. मग ऑफिसचे शर्ट, मग जिमचा टी-शर्ट (जिमची वर्षाची फी भरलेली आहे, टी-शर्ट झोपायला वापरतात), आणि तळाशी मोजे. प्रत्येक मोज्याचा घट्ट बोळा. एकही जोडी लागत नाही. आई एकेक बोळा उलगडते, झटकते, खिसे तपासते. पोरगं फोनवर काय सांगत नाही ते खिसे सांगतात. परवा आमच्या शेजारच्या माउलीला पँटच्या खिशात ॲसिडिटीच्या गोळ्यांची रिकामी पट्टी सापडली. ती काही बोलली नाही. पट्टी कचऱ्यात टाकली आणि दुपारी आमटीत चटणी निम्मी घातली. कोल्हापुरात! कांदा-लसूण चटणीची बरणी हाताशी असताना! घरच्या कर्त्या पुरुषानं पहिला भुरका मारला आणि तब्येत बरी नाही का म्हणून बायकोच्या कपाळाला हात लावून बघितला.

आता पाण्याचं बघू. थेट पाइपलाइन म्हटलं की कोल्हापूरकराच्या डोळ्यांसमोर काय काय उभं राहतं ते मी इथं सांगत बसत नाही. वर्षानुवर्षं मोर्चे निघाले, निवडणुका लढल्या गेल्या, गल्लोगल्ली खड्डे पडले, आणि सुमारे 53 किलोमीटरची पाइपलाइन होऊन 2023 च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाचं पाणी एकदाचं पुईखडीला पोचलं. ज्या पाण्यासाठी दोन पिढ्यांनी घसा कोरडा केला, त्या पाण्यात आज हिंजवडीच्या मोज्यांचे बोळे भिजत पडलेत. बरं, हा मळ पुढं जातो कुठं? मोरीतून गटारीत, गटारीतून जयंती नाल्याला, तिथून पंचगंगेच्या वाटेला. खाली इचलकरंजी आहे. नदीच्या पाण्यावरून त्या बिचाऱ्यांचं आधीच डोकं उठलंय, त्यांनी हिंजवडीचं काय घोडं मारलंय? तिथून नरसोबावाडीला दत्त महाराजांच्या पुढ्यात पंचगंगा कृष्णेला मिळते आणि हा मळ कर्नाटकात निघून जातो. हेच कपडे वाकडलाच धुतले असते तर? मुळेतून मुठेला भेटून भीमेत, उजनी धरणात जरा पाठ टेकून पंढरपूरला, विठ्ठलाचं दर्शन घेऊन पुढं रायचूरजवळ कृष्णेत! म्हणजे शेवटी कृष्णाच. पांडुरंगाच्या वाटेनं गेला काय नि दत्ताच्या वाटेनं गेला काय, मळ कृष्णेलाच जायचा. मग मधे 230 किलोमीटर डिझेल जाळून, खंबाटकीचा घाट ओलांडून, पुलांच्या कामांपाशी वळणावळणावर कमरेचे टाके ढिले करत त्याला कोल्हापूर दाखवायची काय गरज होती? कृष्णेला कळेना, मला कळेना.

यावर एका चिरंजीवांनी मला वंदे भारत सुचवली. हमरस्ता खराब आहे ना काका, मग रेल्वेनं येतो की! 2024 च्या सप्टेंबरात ही गाडी सुरू झाली तेव्हाचं वेळापत्रक मी कापून ठेवलंय. पुण्याहून बुधवार, शुक्रवार, रविवार, दुपारी सव्वादोनला. शुक्रवारी सव्वादोनला हा गडी मीटिंगमध्ये 'माझा आवाज येतोय का' विचारत असतो. आणि रविवारी, जेव्हा आख्ख्या कोल्हापूरचं तरुण रक्त पुण्याला परत निघतं, तेव्हा गाडी पुण्याहून कोल्हापूरला येते. कोल्हापूरहून ती सुटणार सोमवारी सकाळी सव्वाआठला, म्हणजे पुण्यात पाऊल ठेवायला दुपारचा दीड. तोवर साहेबांची सकाळची हजेरी होऊन जेवणाची सुट्टी संपत आलेली.

खरं सांगू? कपडे मळके आहेत याचा राग नाही मला. या चिरंजीवाचे वडीलही मळके कपडे घेऊनच घरी यायचे. उद्यमनगरात लेथवर होते. संध्याकाळी सायकल भिंतीला टेकवायचे तेव्हा सदऱ्यावर कटिंग ऑइलचे काळे डाग असायचे, सोड्यानंही न जाणारे. पण तो मळ ज्या गावात लागायचा त्याच गावात धुतला जायचा आणि त्याची मजुरी त्याच गावातल्या वाण्याकडं खर्च व्हायची. आता पोरांची पंचविशी पुण्याला, भाडं पुण्याला, रविवारचं हॉटेल पुण्याला, कर पुण्याला, आणि आमच्या वाट्याला काय, तर मोजे! शेंडा पार्कात आयटी पार्क होणार, होणार म्हणून इतकी वर्षं ऐकतोय. ज्यांनी पहिल्यांदा ऐकलं त्यांची पोरं शिकली, वाकडला गेली, तिथं टूबीएचके घेऊन बसली. घोषणा ऐकून टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो, त्या टाळ्या कुणी परत देणार आहे का? गल्लीत आता शनिवार-रविवार सोडला तर साठीच्या आतला माणूस दिसत नाही. गणपतीत मंडप घालायला पोरं कमी पडतात, तेव्हा तारीख विचारून मांडव उभा करावा लागतो: 'लाँग वीकएंड कधी आहे?'

रविवारी दुपारपर्यंत कपडे वाळतात, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून घड्या होऊन येतात आणि बॅग परत भरली जाते. येताना होती त्याच्या दुप्पट जड. मोज्यांच्या जोड्या लागलेल्या, वर ज्वारीचं पीठ, गुळाची भेली, चटणीची बरणी दोन पिशव्यांत बांधून. निम्मी नव्हे, भरून.

गेल्या महिन्यात शेजारची माउली पहिल्यांदाच लेकाच्या पुण्याच्या फ्लॅटवर राहायला गेली. आल्यावर चार दिवस गप्प होती. मग बायकोनं खोदून विचारलं तेव्हा कळलं. फ्लॅटच्या बाल्कनीत वॉशिंग मशीन आहे. साधं नव्हे, पुढून दार उघडणारं, आपोआप चालणारं, हप्त्यावर घेतलेलं. दीड वर्ष झालं, दारावरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा काढलेला नाही. वर जिमच्या पावडरचा डबा आणि हेल्मेट.

"अरे मग हे चालू का करत न्हाईस?" तिनं विचारलं.

"आई, ते चालू करून दाखवायला कंपनीचा माणूस यावा लागतो," लेक म्हणाला, "आणि तो फक्त शनिवारी येतो. शनिवारी मी कुठं असतो इथं?"