पाच भोकांचं खुंटाळं

बायको एवढंच म्हणाली होती, की मिरगाच्या आत पडवीत एक खुंटाळं करून घ्या. पाच खुंट्या पुरेत. ‘करून घ्या’ म्हणजे मेस्त्रींकडून, हे मला कळलं होतं. पण मुंबईत छत्तीस वर्षं फायली सरकवून नांदगावात परतलेल्या चाकरमान्याचे स्वतःच्या हातांबद्दल काही गोड गैरसमज असतात. परसातल्या पडलेल्या फणसाची फळी होतीच. प्रश्न फक्त पाच भोकांचा होता.

हातातल्या ड्रिलने भोक तिरकं जातं, खुंटी तिरकी बसते आणि छत्री घसरते, असा सखोल विचार करून मी बेंच ड्रिल घ्यायचं ठरवलं. फोंडाघाट चढून, राधानगरीवरून कोल्हापूर गाठलं. उद्यमनगरात एक जुनं मशीन पाहताक्षणी आवडलं, कारण ते हिरवं होतं. चक खाली आणायला तीन दांड्यांची फिरकी, आणि प्रत्येक दांडीच्या टोकाला काळा चकचकीत गोळा. दुकानदार चक तेरा एमएमचा आहे, पट्टा पुलीवर सरकवून वेग बदलता येतो, असं बरंच सांगत होता. ‘थ्री फेज आहे हं,’ असंही म्हणाला. मी मान डोलावली. मला वाटलं, मशीनचं कौतुक चाललंय.

घरी सिंगल फेज. म्हणजे मशीन अकरा हजार, टेम्पो साडेतीन, वर नवी मोटर चार हजारांची. ती मोटर मी स्वतः जोडली. पुढच्या कथेचं मूळ या वाक्यात आहे.

बीट आणायला कणकवलीला गेलो. ‘लाकडाचा, लोखंडाचा की भिंतीचा?’ दुकानातल्या पोराने विचारलं. ‘चांगलासा दे.’ त्याने भिंतीचा दिला. त्याच्या टोकाला कार्बाइडची बोथट टिकली असते. ती दगडाचा चुरा करते, लाकूड मात्र कापत नाही. फळीवर काळा डाग पडला आणि धूर निघाला. मग एचएसएसचा आणला. धूर. मग मधे सुईसारखं टोक असलेला लाकडाचा खास बीट आणला. तो जागचा हलला नाही, एकाच जागी नेमका धूर काढला. शेवटी फोर्स्टनर मागवला. फोर्स्टनर हा अमेरिकेतला बंदुका करणारा कारागीर. 1874 साली त्याने या बीटाचं पेटंट घेतलं. कड गुळगुळीत, तळ सपाट, असं भोक पडतं म्हणतात. माझ्याकडे पडवीभर धूर झाला आणि शेजारच्या काकी ‘काजी भाजतास काय ओ?’ म्हणून विचारून गेल्या.

शेवटी मेस्त्रींना बोलावलं. ते पायरीवर बसून सुपारी कातरत राहिले.

‘केवढा भोक?’

‘पंचवीस एमएम.’

‘म्हंजे आठ सूत.’ इंचाचे आठ सूत, हा हिशोब त्यांच्या बोटांत असतो. ‘चालू करा बघूया.’

मी बटण दाबलं. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

‘ह्यां मशीन उलटां फिरता मा!’

चार जातींचे बीट मी पाठमोरे घासत होतो. मेस्त्री म्हणाले, ‘माझो आजो सामत्यान भोकां पाडी. धनुकली फुडे-मागे केली, की सामतो दोनी बाजून फिरता आणि दोनी बाजून कापता. तेका उलटां-सुलटां काय नाय.’ यातला टोमणा मशीनला होता की मला, हे विचारायचं धाडस झालं नाही.

मोटरच्या स्टार्टिंग वायंडिंगची दोन टोकं अदलाबदल केली, आणि मशीन सुलटं झालं. आता बीट खरोखरच कापणार, हे मात्र माझ्या लक्षात आलं नव्हतं. पट्टा सर्वांत वेगवान पुलीवर, फळी नुसती हाताने धरलेली. फोर्स्टनरने ती पकडली आणि पंख्यासारखी फिरवली. वरून पाहिलं तर बीट घड्याळाच्या दिशेने फिरतो. त्यामुळे फळीचं लांब टोक डावीकडे असेल तर खांबावर आपटून अडतं, आणि उजवीकडे असेल तर आपल्या पोटावर येतं. माझं उजवीकडे होतं.

नंतर मेस्त्रींनी शिकंजे लावले, पट्टा सर्वांत सावकाश पुलीवर घेतला, खाली रद्दी फळकूट ठेवलं. पाच भोकं दहा मिनिटांत पडली. फणसाचा पिवळा भुसा सुंदर वळ्यांनी बाहेर आला. सरळ, गुळगुळीत. मी बाजूला उभा राहून पोट चोळत होतो.

राहिली भिंतीतली दोन भोकं. बेंच ड्रिल काही भिंतीपर्यंत जात नाही, हे तेव्हा उमगलं. भिंतीचा बीट तेवढा माझ्याकडे तयार होता. ‘परवा येतंय हातातला ड्रिल घेवन,’ म्हणून मेस्त्री गेले. मिरग लागला, आर्द्रा गेल्या, ते परवा उजाडलं नाही.

खुंटाळं माळ्यावर आहे. पडवीत हिरवं मशीन उभं आहे, आणि त्याच्या तीन दांड्यांवर दोन छत्र्या आणि माझी टोपी. टोकाला काळे गोळे असल्यामुळे छत्री घसरत नाही, असं बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते.