भावी तज्ज्ञ समितीच्या अध्यक्षांस अनावृत पत्र

सन्माननीय अध्यक्षमहाशय,

सा. न. वि. वि.

सरकारने आपल्यासारख्या व्यासंगी शास्त्रज्ञाचा सल्ला मागावा, याचा जो आनंद आपणांस झाला असेल त्याला दृष्ट लागू नये, म्हणून सरकारी दप्तरखान्यात हयात घालवलेल्या मज कारकुनास चार शब्द लिहिणे अगत्याचे वाटते.

सरकारला सल्ला हवा असतो, याविषयी यत्किंचितही संशय नसावा. मात्र तो कोणता हवा, हे नेमणुकीच्या हुकुमात लिहिण्याचा प्रघात नाही आणि ते ओळखण्यातच तज्ज्ञाची खरी तज्ज्ञता असते. २०१० साली केंद्रीय पर्यावरण खात्याने पश्चिम घाटासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष डॉ. माधव गाडगीळ यांच्या ठायी हा गुण नव्हता. त्यांनी खरोखरच घाटाचा अभ्यास केला, संपूर्ण घाट पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवून त्याच्या तीन श्रेणी लावल्या आणि त्यावर कडी म्हणजे, पुढचा निर्णय ग्रामसभांना विचारून करावा, अशी शिफारस केली! ज्यांच्या उशाशी डोंगर आहे त्यांनाच डोंगराविषयी विचारावयाचे, तर खाती कशासाठी निर्माण झाली?

खात्याने मात्र धीर सोडला नाही. ऑगस्ट २०११ मध्ये दाखल झालेला तो अहवाल त्याने इतक्या ममतेने जपला की, माहिती आयोगाचा आदेश आणि दिल्ली उच्च न्यायालयाचा निर्णय झाल्यावरच, मे २०१२ मध्ये, तो रयतेच्या दृष्टीस पडला. मग काट्याने काटा काढावा, या न्यायाने डॉ. कस्तुरीरंगन यांचा कार्यगट आला आणि सुमारे ३७ टक्के घाटच संवेदनशील उरला. त्याच्याही अधिसूचनेचा पहिला मसुदा मार्च २०१४ मध्ये निघाला. त्याच वर्षी ३० जुलैस घाटातले माळीण गाव दरडीखाली गेले. बरोबर दहा वर्षांनी, ३० जुलै २०२४ रोजी, घाटातलाच वायनाडचा डोंगर कोसळला आणि दुसऱ्याच दिवशी सहावा मसुदा प्रसिद्ध झाला. डोंगर घाई करतात. खाते करीत नाही.

सबब, अहवाल अशा बेताने लिहावा की, त्यावर दुसरी समिती नेमण्याची तसदी सरकारास पडू नये. आणि सत्य लिहिण्याचा मोह अगदीच अनावर झाला, तर त्याची एक मराठी प्रत परस्पर ग्रामसभांकडे धाडावी. आमच्याकडे ती फारच सुरक्षित राहील.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
एक जुना दप्तरदार