उलटी गंगा, सुलटा वारा

कोलंबिया नदी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते आणि तिच्यातली विंडसर्फिंगची शर्यत पश्चिमेकडून पूर्वेकडे जाते. सुरुवात वॉशिंग्टन राज्यातल्या स्टीव्हन्सन या लहानशा गावी आणि शेवट पलीकडच्या तीरावर, ऑरेगॉनमधल्या हूड रिव्हरला. अंतर 30 किलोमीटरच्या आसपास. पण ते कागदावर. वाऱ्याला थेट पाठ देऊन सरळ गेलं तर फळी रेंगाळते. म्हणून वारा तिरका घ्यायचा आणि या काठाकडून त्या काठाकडे नागमोडी जात राहायचं. नदी हूड रिव्हरपाशी सव्वा किलोमीटरहून जास्त रुंद आहे. तेव्हा माणूस खरा किती किलोमीटर जातो, ते त्याच्या मांड्यांनाच ठाऊक. या प्रकाराला ‘गॉर्ज ब्लोआउट’ म्हणतात. आमचे जावई त्यात उतरणार आहेत, ही बातमी आम्ही बीव्हरटनला लेकीकडे पोचलो आणि बॅगेतून मेतकूट निघायच्या आत आम्हाला मिळाली.

“नदीत माणसं पाण्याबरोबर जातात ना?” हिने विचारलं.

“आई, इथे वारा उलटा असतो,” जावई म्हणाले. त्यांनी लगेच कागद-पेन्सिल घेतली. इंजिनिअर जावई केला की हे चालायचंच.

तर कागदावर असं होतं. कॅस्केड ही उत्तर-दक्षिण पर्वतरांग. ती पार कापून जाणारी, तळ जवळजवळ समुद्रसपाटीला असलेली फट एकच, ती म्हणजे कोलंबियाची घळ. लांबी सुमारे 130 किलोमीटर, खोली काही ठिकाणी 1200 मीटर. उन्हाळ्यात डोंगरापलीकडचा पूर्वेचा कोरडा मुलूख तापतो, तिथली हवा वर जाते आणि पॅसिफिककडची गार, जड हवा ती जागा भरायला याच फटीतून घुसते. खाली पाणी पश्चिमेला, वर वारा पूर्वेला. दोघं समोरासमोर आले की लाटा उभ्या राहतात. शहाणा माणूस अशा जागी गाडीच्या काचा वर करून निघून जाईल. पण 1980 नंतर जगभरची माणसं इथे फळ्या घेऊन यायला लागली आणि लाकूड नि फळबागांवर जगणाऱ्या हूड रिव्हरला वाऱ्यावरही पोट भरता येतं हे कळलं.

हे वाहन काय आहे तेही सांगतो. एक फळी, तिच्यावर डोलकाठी, तिला शीड. सुकाणू नाही, ब्रेक नाही. डोलकाठी फळीत पक्की रोवलेलीही नाही. ती एका सांध्यावर चारी दिशांना लुळी पडते आणि ती उभी ठेवणं ही माणसाची जबाबदारी. काठी मागे झुकवली की फळीचं नाक वाऱ्याकडे वळतं, पुढे झुकवली की वाऱ्यापासून दूर. या कल्पनेचं अमेरिकन पेटंट श्वाइट्झर आणि ड्रेक या कॅलिफोर्नियाच्या जोडीला 1970 साली मिळालं. त्यांचं ब्रिटिश पेटंट मात्र तिकडच्या कोर्टात टिकलं नाही. कारण पीटर चिल्व्हर्स नावाच्या 12 वर्षांच्या पोराने 1958 सालीच हेलिंग बेटावर असलंच काहीतरी बनवून चालवलं होतं. आमच्याकडे बारा वर्षांच्या पोराने घरातली चादर काठीला बांधून पाण्यात नेली असती तर निकालाला कोर्टापर्यंत जावं लागलं नसतं.

आता मुख्य मुद्दा, शिडाचा. हूड रिव्हरला वारा मैलांत किंवा नॉटमध्ये फारसा कोणी सांगत नाही. ‘आज कितीचं?’ असं विचारतात आणि उत्तर शिडाच्या चौरस मीटरमध्ये येतं. वारा वाढला की शीड लहान लावायचं, नाही तर तेच माणसाला घेऊन जातं. त्यामुळे आकडा जितका लहान, तितकी छाती मोठी. ‘3.7’ म्हणणाऱ्याला लोक वळून बघतात. ‘6.2’ म्हणणारा ते खोकल्यात मिसळून म्हणतो. पुण्यात चौरस फूट वाढतील तसा माणूस मोठा होतो, इथे चौरस मीटर घटतील तसा. हे मी हिला समजावून सांगायला गेलो, पण कुकरची शिट्टी झाली आणि विषय राहिला.

यात आणखी एक मेख आहे. वारा तोच असला तरी जड माणसाला शीड मोठं लागतं. आम्ही आल्यापासून जावयांच्या पानात साजूक तुपाचा हात सैल होता. शर्यतीच्या आदल्या रात्री ते वजनकाट्यावरून उतरले ते गप्पच. मग लेकीशी चर्चा सुरू झाली: 4.2, 4.7 की 5.3? फोनवर पोर्टलँड आणि द डॅल्स या दोन गावांच्या हवेच्या दाबातला फरक बघायचा, चेहरा पाडायचा, पुन्हा बघायचा. अडचण खरी होती. 30 किलोमीटरच्या पट्ट्यात वारा काही एकसारखा नसतो. स्टीव्हन्सनला बेताचा असेल म्हणून मोठं शीड घ्यावं, तर पुढे तो असा पिसाळतो की हात उपटून येतील. पुढचा विचार करून लहान घ्यावं, तर बाकीचे निघून जातात आणि आपण सुरुवातीच्या रेषेवरच देखावा बघत उभे. मधे शीड बदलता येत नाही. आमच्या लेकीचं लग्न यापेक्षा कमी चर्चेत ठरलं होतं.

सकाळी स्टीव्हन्सनला पाण्यात कोणी नव्हतं. सगळे गवतावर शिडं पसरून शेजाऱ्याचं शीड चोरून बघत होते. एका पांढऱ्या दाढीवाल्याने बांधून झालेलं शीड सोडलं आणि एक नंबर लहान काढलं. पाच मिनिटांत अर्धं मैदान शिडं सोडायला लागलं. मग वारा जरा पडला. दाढीवाल्याने पुन्हा मोठं काढलं. मला वाटतं, त्याला शर्यतीत रसच नसावा.

आमचं 4.7 ठरलं. डोलकाठीच्या बुडाशी कप्प्यांतून ओवलेली दोरी जावयांनी ओढायची आणि शिडाचं टोक हिने धरायचं. जावयांनी बुडाला पाय टेकला, दोरी मुठीला गुंडाळली आणि मान लाल होईस्तोवर ओढली. काठी कमानीसारखी वाकली आणि शिडाची मागची कड वरच्या बाजूला सैल पडून फडफडायला लागली.

“अहो, हे इथे ढिलं राहिलंय,” ही म्हणाली.

“आई, ते तसंच हवं. झोत आला की तिथून निसटतो.”

“बघा बुवा,” ही म्हणाली. पण तिचं समाधान झालेलं नव्हतं.

भोंगा झाला, शिडं उठली आणि बघता बघता वळणाआड गेली. प्रेक्षकांसाठी शर्यत तिथेच संपली. बंदिस्त मैदान नाही, गुणफलक नाही. आदल्या दिवशी आम्ही खालच्या अंगाला बोनव्हिल धरण बघायला गेलो होतो. 1938 सालचं ते धरण. तिथे माशांना चढायला पाण्याचा जिना आहे आणि काचेच्या खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्या माशांची जातवार मोजणी होते. सामन मासाही प्रवाहाविरुद्धच जातो, पण त्याची सरकारदरबारी नोंद आहे. आमचे जावई कुठवर पोचले, हे सांगणारं कोणी नव्हतं.

म्हणून आम्ही हायवे 14 ने पाठलाग केला. हा रस्ता नदीलगत जातो, पण जिथे नदी दिसावी तिथे झाडं, झाडं संपली की बोगदा आणि बोगदा संपला की रस्ता आणि नदी यांच्या मधे मालगाडी. डबे मोजता मोजता हिने एक डुलकी काढली. विंड माउंटन गेला, डॉग माउंटन गेला. एका वळणावर लेकीने गाडी बाजूला घेतली. हिने दुर्बीण लावली आणि जांभळा पट्टा असलेल्या एका शिडाला “सांभाळून हं! पाय घट्ट!” असं ओरडून सांगितलं. जावयांच्या शिडाचा पट्टा नारिंगी होता. तेवढ्यात गव्हाने भरलेले बार्ज ढकलत एक टग आला आणि त्याने पाच आखूड भोंगे दिले. पाच म्हणजे धोका. एवढं धूड पटकन थांबत नाही, वळत नाही. त्यामुळे बाजूला व्हायचं ते फळीवाल्यांनी. सगळे झाले, जांभळा पट्टाही झाला.

“ऐकतात हो माझं,” ही म्हणाली.

मग 1924 सालचा तो अरुंद, लोखंडी जाळीचा पूल. टायरखाली जाळी गुणगुणते, खाली पाणी दिसतं आणि वर टोल द्यायचा. हूड रिव्हरला पोचलो तर जावई कधीचेच येऊन, ओल्या वेटसूटमध्ये कुडकुडत उभे. कोरडे कपडे आमच्या डिकीत. पटाईत मंडळी तासाभराच्या आसपास येतात, आणि आम्ही मालगाडीचे डबे मोजत बसलेलो.

नंबर कितवा आला, हे तिथे कोणी विचारेना. बिअरचे ग्लास घेतलेला घोळका जवळ आला आणि पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणेच: “कितीचं होतं?”

जावयांनी क्षणभर नदीकडे पाहिलं. “फोर-टू,” ते म्हणाले.

घोळक्यात कौतुकाची कुजबुज झाली. पांढऱ्या दाढीवाल्याने मान डोलावली. लेक बुटाची नाडी बांधायला खाली वाकली. मी सासरा. मी काही ऐकलंच नाही.

“नो, नो!” ही पुढे सरसावली. “फोर-सेव्हन! आय होल्ड. बिग, व्हेरी बिग!” आणि माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, “जावई फारच भिडस्त आहेत हो. स्वतःचं सगळं कमी करूनच सांगतात.”