बाबांना घरी आणताना: मुलांसाठी सविस्तर सूचना

डॉक्टर राउंडला येऊन "आज सोडू या" म्हणाले की लगेच पिशव्या भराव्यात. संध्याकाळपर्यंत त्यांच्यावर बसता येतं. फाइल खाली जाते, उरलेली इंजेक्शनं फार्मसीत परत जातात, मग बिल, मग टीपीए. कॅशलेस डिस्चार्जला 3 तासांत मंजुरी द्यावी, असा विमा नियामकाचा 2024 चा आदेश आहे. उशीर झाला म्हणून हॉस्पिटलने जादा आकार लावला, तर तो विमा कंपनीने सोसायचा. हे बिलिंगच्या खिडकीत ठणकावून सांगावं. खिडकीतला मुलगा मान न उचलता "क्वेरी आलीय" म्हणेल. कसली, ते विचारू नये. त्यालाही ठाऊक नसतं.

तोवर घरची तयारी. धाकटे चिरंजीव न्यू जर्सीहून व्हिडिओ कॉलवर देखरेख करतील, त्यांना करू द्यावी. बाथरूममध्ये धरायला दांडा हवा, असं ते म्हणतील आणि यात ते बरोबर आहेत. "टॉवेलचा आहे की!" हे बाबांचं उत्तर. टॉवेलचा दांडा टॉवेलचाच भार पेलतो, बाबांचा नाही. भिंतीत पक्का ठोकलेला वेगळा दांडा लावून घ्यावा. पायपुसणी उचलावीत. आईने जुन्या साड्यांची शिवलेली असल्यामुळे ती संध्याकाळी परत अंथरली जातील, पुन्हा उचलावीत. खुब्याचा सांधा बदललाय, त्यामुळे गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये. कमोडवर उंच सीट, बसायला उंच खुर्ची. बाबा घरात पाऊल टाकताच झोपाळ्याकडे वळतील. झोपाळ्याच्या कड्या आदल्या दिवशीच काढून माळ्यावर टाकाव्यात.

औषधांचा डबा हे स्वतंत्र प्रकरण आहे. बीपीची टेल्मिसार्टन घरात एका नावाने असते, हॉस्पिटल तीच दुसऱ्या नावाने लिहून देतं आणि बाबा दोन्ही घेतात. "ती पांढरी होती, ही गुलाबी." दोन्ही पाकिटं डिस्चार्जच्या आधी डॉक्टरांपुढे ठेवून कुठली बंद, ते कागदावर लिहून घ्यावं. बंद झालेली घराबाहेर काढावी. "तारीख आहे अजून" म्हणून आई ती फ्रिजवर ठेवेल.

भेटायला येणारे शहाळं आणतात आणि याच ऑपरेशनमध्ये गेलेल्या कुणाची तरी हकीकत. शहाळं ठेवून घ्यावं. चहा मात्र करू नये, कारण तो आईच करते.

आता आई. हॉस्पिटलच्या त्या अरुंद बाकड्यावर जी इतक्या रात्री झोपली, तीही आजच घरी आलीय. डिस्चार्ज कार्ड एकाचंच निघतं, त्यामुळे हे कुणाच्या ध्यानात येत नाही. ब्युरोतून मावशी लावली म्हणून निर्धास्त होऊ नये. मावशी आठला येते. ती यायच्या आत घर नीट दिसावं, म्हणून आई पाचला उठून केर काढते आणि तिच्यासाठी पोहे भिजवते.

आईची स्वतःची बीपीची गोळी मधल्या गडबडीत संपली असण्याची दाट शक्यता आहे. मशीन आणून तिला पाच मिनिटं गप्प बसवावं (या मार्गदर्शिकेतलं हे सर्वांत अवघड काम) आणि पट्टा तिच्या दंडाला बांधावा. "आधी ह्यांचं बघा" म्हणेल, ऐकू नये. आकडा जास्त दिसला तर मशीन बिघडलंय असं सांगेल. थोड्या वेळाने परत मोजावं. तरी तेच आलं, तर बाबांच्या फॉलोअपपर्यंत थांबू नये. उद्याच तिच्या नावाचा केसपेपर काढावा. "पैसे कशाला उगाच," असं ती रिक्षात बसेपर्यंत म्हणत राहील.